बांध घालायचं गाणं

फार फार पूर्वी, माणसांजवळ गाणी थोडी होती आणि ती जपायची हौस मात्र दांडगी होती, तेव्हाची ही गोष्ट. दोन डोंगरांच्या मध्ये, एका ओढ्याच्या काठी एक गाव होतं. गावाचं नाव मला ठाऊक नाही आणि तुम्हीही विचारू नका. नाव सांगितलं की लोक म्हणतात, ते तिकडचं होय, मग आपल्याला काय त्याचं! म्हणून नाव नकोच.

या गावात प्रत्येक कामाला एक गाणं होतं आणि प्रत्येक गाण्याला एक मालक होता. गाय आटली, पान्हा सोडेना, की साळूआक्काला बोलावायचं. विहीर खणायची तर अमक्याच्या घरी नारळ घेऊन जायचं. त्या गाण्याच्या मालकाने गायचं आणि बाकीच्यांनी फार तर ‘होऽ’ म्हणायचं. गाणं ऐकलेलं सगळ्यांनीच असायचं, पण दुसऱ्याचं गाणं गुणगुणणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं. पोरांनी चुकून गुणगुणलं तरी पाठीत धपाटा बसायचा.

मालक म्हातारा झाला की त्याने ते गाणं दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. त्याचीही रीत होती. एका बैठकीत गाणं सांगायचं. सांगून झालं की घेणाऱ्याच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवायचा आणि देणाऱ्याने कडुनिंबाचा पाला चावायचा. त्यानंतर देणाऱ्याने ते गाणं जन्मात परत म्हणायचं नाही. म्हटलं तर त्याची जीभ झडते आणि घेणाऱ्याचं गाणं नासतं, असं गावातली शहाणी माणसं सांगत. ही शहाणी माणसं असं झालेलं कधी कुणी पाहिलं होतं का, ते मात्र सांगत नसत.

आता तुम्हीच सांगा, असा कडुनिंब कोण हौसेने चावेल? प्रत्येक जण म्हणायचा, देऊ की, घाई काय आहे? आणि मग कुणी झाडावरून पडायचा, कुणाला पान लागायचं, म्हणजे साप डसायचा, कुणी झोपेतच जायचा. गाणं सरणावर जायचं. विहिरीचं गाणं असंच गेलं. पेरणीचंही गेलं. तेव्हापासून त्या गावात लोक मुक्याने खणत आणि मुक्याने पेरत.

या गावात भिवरा नावाची एक सून होती. सून म्हणजे बाहेरून आलेली नव्हे. ती याच गावची लेक, आणि वरच्या आळीतून खालच्या आळीत नांदायला आलेली. हळदीचं गाणं भिवराच्या आईकडे होतं. आईला एका सकाळी ताप भरला आणि दुसरी सकाळ काही तिने पाहिली नाही. पुढे वर्षभराने भिवराचं लग्न निघालं. मांडव पडला, पाट मांडला, बायका जमल्या. त्यांनी तिच्या गालांना हळद लावली, पण तोंड कुणीच उघडलं नाही. भिवरा पाटावर बसून गाणं आठवायचा प्रयत्न करत राहिली. तिला आईचा आवाज आठवला. लहानपणी ते गाणं गुणगुणलं म्हणून आईनेच मारलेला धपाटा आठवला. गाणं काही आठवलं नाही, आणि सगळ्यांना वाटलं की माहेर सुटतंय म्हणून पोरगी रडतेय.

त्या दिवशी भिवराने मनाशी खूणगाठ बांधली. गावात उरलेलं एकही गाणं आता सरणावर जाऊ द्यायचं नाही.

ठरवणं सोपं असतं. ती पहिल्यांदा गेली साळूआक्काकडे. आक्का गोठ्यात शेण भरत होती.

“आक्का, पान्ह्याचं गाणं कुणाला तरी देऊन ठेवा की,” भिवरा म्हणाली.

आक्काने शेणाची पाटी खाली ठेवली. “असं? मग आधी माझ्या तिरडीचे बांबू तोडून आण. मग माग गाणं.”

“तसं नव्हं, आक्का.”

“मग कसं? मी ठणठणीत हाय. आत्ता दिलं तर उद्या गाय आटल्यावर माझ्या दारात कोण येईल? चल, वाटेला लाग.”

दुसऱ्या घरी तिला चुलीपर्यंतही जाऊ दिलं नाही. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याने तिला लांबूनच पाहिलं आणि अंगावर घोंगडं ओढून झोपेचं सोंग घेतलं. थोड्याच दिवसांत गावभर झालं की भिवरा दारात आली म्हणजे घरातलं म्हातारं माणूस जाणार. बायका तिला पाहून पोरं आत घेऊ लागल्या. सासूने कपाळावर हात मारून घेतला. नवरा केरबा तेवढा हसला आणि म्हणाला, “तू अशी हिंडत ऱ्हायलीस तर सगळी म्हातारी भीतीनंच आणखी दहा वर्सं जगतील बघ.”

भिवरालाही हसू आलं. पण तिने हिंडणं सोडलं नाही.

शेवटी ती रायबा नानाच्या दारात गेली. आता हा रायबा कोण, ते सांगायला हवं. रायबाला ना बायको उरलेली, ना मूलबाळ. तो गावाच्या शेळ्या राखायचा. वर्षभर त्याला कुणी विचारत नसे. लग्नात त्याचं पान शेवटच्या पंगतीत मांडलं जाई आणि चावडीवर तो बसला तर लोक त्याच्या डोक्यावरून बोलत. पण पाऊस सरला, ओढ्याचं पाणी गुडघ्याखाली आलं, की सगळं गाव बांध घालायला ओढ्यात उतरे, आणि तेव्हा रायबा काठावरच्या खडकावर उभा राही. बांध घालायचं गाणं त्याच्याकडे होतं. तो म्हणेल तेव्हा गाव दगडाला लावलेला दोर ओढी आणि तो थांबेल तेव्हा गाव थांबे. गावाच्या कारभाऱ्यापासून पोराटोरांपर्यंत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत. तो दिवस संपला की रायबा पुन्हा शेळ्यांमागे जाई.

या बांधावर गावाचं पोट होतं. बांध झाला तर ओढ्याचं पाणी अडायचं आणि गहू-हरभरा पिकायचा. नाही झाला तर उन्हाळ्यात घागरी घेऊन डोंगर चढायचा आणि पोरांना कोंड्याची भाकरी घालायची.

त्या वर्षी रायबाला खोकला लागला होता. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागे. भिवराने ते पाहिलं.

“नाना, मी कशाला आलेय ते तुमाला ठाव हाय,” ती म्हणाली.

“ठाव हाय. आन् माझं उत्तर तुलाबी ठाव हाय.”

“हळदीचं गाणं कसं होतं, सांगता का मला?”

रायबा कसं सांगणार? ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मलाबी सांगता येत नाही. माझ्याच आईचं होतं. उद्या बांधाचं गाणं कसं होतं, असं कुणी माझ्या लेकीला विचारलं, तर ती काय सांगंल?”

रायबाने शेळीच्या पाठीवरचं गवत उगाच झटकलं. मग तो हळूच म्हणाला, “पोरी, तुझं खरं हाय. पर ते गाणं दिलं की मी कोण? शेळ्या राखणारा एक म्हातारा. तेवढं एकच हाय बघ माझ्यापाशी.”

भिवराला त्या म्हाताऱ्याची फार दया आली. तरी जाताना ती म्हणाली, “मी उद्या परत येईन.”

आणि ती आली. त्यानंतरही येत राहिली. गाण्याचं नाव काढायची नाही. त्याचं खरकटं भांडं घासायची, आल्याचा काढा उकळून द्यायची आणि शेळ्यांची पिल्लं कोंडून घरी जायची. रायबा चिडून म्हणायचा, “लाच देतीस व्हय?” ती म्हणायची, “व्हय.”

एका दुपारी माळावर शेळ्या चरत असताना रायबाने मनातल्या मनात गाणं म्हणून पाहिलं. अर्ध्यावर त्याला पुढची ओळ सापडेना. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडला. बऱ्याच वेळाने ओळ आली खरी, पण त्याचं काळीज काही जागेवर येईना. तो शेळ्या तिथेच सोडून भिवराच्या दारात आला आणि धापा टाकत म्हणाला, “चल. गूळ घे संगं.”

रायबाच्या अंगणात बैठक झाली. साक्षीला कारभारी येऊन बसला. रायबा एक एक ओळ सांगत गेला.

“ऊठ ऊठ रं थोरल्या, पाणी चाललं पळून,
त्याच्या वाटंला बसाया, तुला नेतो आमी वळून.”

भिवरा प्रत्येक ओळ म्हणून घेत होती आणि हातातल्या सुतळीला गाठ मारत होती. ओळ संपली की लहान गाठ, ‘होऽ’ आला की मोठी गाठ. एकही ओळ गळू नये, म्हणून तिने लढवलेली ही युक्ती. गाणं मोठं होतं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तेव्हा कुठे ते संपलं. रायबाने तिच्या जिभेवर गूळ ठेवला. मग त्याने कडुनिंबाचा पाला तोंडात घातला आणि तो चावता चावता त्याचे डोळे भरून आले. कडू पाल्याने आलं असेल पाणी, असं कारभारी म्हणाला. कारभाऱ्यांना सगळ्याचं कारण ठाऊक असतं.

भिवरा मात्र खूश होती. एक गाणं वाचलं. सुतळी तिने भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि रोज काम करता करता गाणं घोटलं. तिची एक ओळ चुकत नव्हती.

बांधाचा दिवस उजाडला. खडकावर बाईमाणूस उभं राहिलेलं पाहून थोडी कुजबुज झाली, पण गाण्याचा मालक तो मालक, रीत म्हणजे रीत. रायबा काठावर एकटाच उभा होता. आज त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

लहान दगड भराभर बसले. बायकांनी चिखलाच्या पाट्या ओतल्या. दोन्ही बाजूंनी बांध वर आला आणि मध्ये एकाच दगडाची जागा उरली. ती थोरल्याची. थोरला म्हणजे घराएवढा काळा दगड. दर पावसाळ्यात पूर त्याला खाली लोटून नेई आणि दर वर्षी गाव त्याला दोर लावून वर आणी. ‘होऽ’ म्हटलं की वरच्यांनी ओढायचं. दगड हातभर सरकला की खालच्या गड्यांनी त्याच्यामागे लाकडाचा टेकू सारायचा. दगड टेकूवर रेलला की मग पुढची ओळ.

खाली टेकू लावायला केरबा होता.

भिवराने सुतळी हातात धरली आणि गायला सुरुवात केली. पहिली ओढ नीट झाली. दुसरीही झाली. तिसरीला थोडी ओढाताण झाली. दोर धरलेले गडी एकमेकांवर खेकसले. सुतळीवर गाठीमागून गाठ येत होती आणि भिवरा ओळीमागून ओळ गात होती. थोरला चढाच्या मध्यावर आला. तिने ‘होऽ’ म्हटलं, लोकांनी ओढलं, आणि टेकू अजून सरकतोच आहे तोवर तिची पुढची ओळ सुरू झाली. निम्म्यांनी ओढलं, निम्मे दम खात होते. दोराला हिसका बसला. थोरला मागे आला आणि टेकू कडकन तडकला.

वरच्यांनी जिवाच्या आकांताने दोर धरून ठेवला. दगड थांबला, पण खाली केरबा आणि दुसरे दोन गडी दगड आणि काठाची दरड यांच्यामध्ये अडकले. पाय काढायला जागा नव्हती. दोर सुटला तर ते चिरडले जाणार. ओढावा, तर सगळ्यांनी एका दमात ओढायला हवा, आणि एक दम कुणालाच सापडत नव्हता.

“भिवरेऽ, गा!” कुणीतरी ओरडलं.

भिवराने तोंड उघडलं, पण आता तिला गाण्याचीच भीती वाटू लागली. एकही ओळ चुकली नव्हती. मग चुकलं कुठे? तिने गाठी चाचपल्या. गाठी सगळ्या जागच्या जागी होत्या. तिने काठाकडे पाहिलं. रायबा हाताची मूठ तोंडावर दाबून उभा होता. त्याला ठाऊक होतं.

“नाना, काय चुकतंय?”

रायबाने मान हलवली.

“नाना, म्हणून दावा!”

“खबरदार रायबा!” कारभारी ओरडला. “दिलेलं गाणं म्हणायचं नाही. जीभ झडंल! गाणं नासंल!”

“नासलेलंच हाय!” भिवरा त्याच्यावर ओरडली. अख्ख्या गावासमोर कारभाऱ्यावर कुणी बाई ओरडल्याचं कधी घडलं नव्हतं. मग ती रायबाकडे वळली. तिचा आवाज फाटला होता, पण ती रडत नव्हती. “नाना, माझ्याकडचं गाणं चुकीचं हाय. खरं गाणं अजून तुमच्याचपाशी हाय. तुमी दिलंत तरी ते गेलेलं नाही. तसं असतं तर चुकलेलं तुमाला कळलं असतं का?”

रायबाने तोंडावरची मूठ काढली. एकदा कारभाऱ्याकडे पाहिलं, एकदा खाली अडकलेल्या केरबाकडे पाहिलं. मग तो खोकत खोकत खडकावर चढला आणि भिवराच्या शेजारी उभा राहून त्याने सूर लावला.

“हळू टाक रं पाऊल, खाली लेकरं-बाळं... होऽ!”

दोर ताणला. थोरला हातभर वर आला. खालून नवा टेकू सरकला. रायबा गप्प राहिला. भिवराच्या ओठांवर पुढची ओळ आली होती, पण त्याने तिचं मनगट दाबलं. दगड टेकूवर रेलला, करकरला, आणखी थोडा दबला. ओढणाऱ्यांनी पाय रोवले, श्वास भरून घेतला. दगड पुरता शांत झाला, तेव्हा रायबा पुढचं म्हणाला.

“तुझ्या पाठीशी साचंल, साऱ्या गावाचं तळं... होऽ!”

“सुतळीकडं बघू नगंस,” तो दोन ओळींच्या मध्ये पुटपुटला. “थांबायचं किती ते दगड सांगतो. अंगणात दगड नव्हता, पोरी, म्हणून मलाबी सांगाया सुचलं न्हाई. माझ्या आधीच्यानं मला दिलं तवा मी कैक वर्सं दोर ओढलेला होता. तू चिखलाच्या पाट्या वाहिल्यास. तुला कसं कळावं?”

भिवराने सुतळी पाण्यात टाकून दिली. ती थोरल्याकडे बघू लागली आणि रायबाच्या आवाजात आवाज मिसळून गाऊ लागली. त्याला खोकला आला की ती ओळ पुरी करी. तिची घाई झाली की तो मनगट दाबी. थोरला वर चढत गेला. केरबा आणि बाकीचे दोघे मोकळे झाले. केरबाच्या पायाचं नख तेवढं गेलं. आणि उन्हं कलायच्या आत थोरला आपल्या जागेवर जाऊन असा बसला की मधली फट दिसेनाशी झाली. ओढ्याचं पाणी थांबलं, मागे फिरलं आणि हळूहळू चढू लागलं.

सगळे रायबाच्या तोंडाकडे बघत होते.

रायबाने जीभ बाहेर काढून बोटाने चाचपून पाहिली. ती होती.

“झडायला वेळ लागत असंल,” कारभारी म्हणाला.

लोकांनी काही दिवस वाट पाहिली. पोरं तर रोज सकाळी रायबाच्या दारात जाऊन त्याला जीभ दाखवायला लावत. जीभ शाबूत होती. भिवराचं गाणंही शाबूत होतं, उलट आता ते खरं झालं होतं. मग एके दिवशी साळूआक्का दोन तरण्या पोरींना गोठ्यात घेऊन गेली आणि गाय बांधून म्हणाली, “हितं उभ्या ऱ्हावा. गाय कान कधी पाडती ते बघा, मगच गा. भिंतीकडं बघून शिकाल तर दूध मिळायचं न्हाई.” तिच्यामागोमाग बाकीचेही आले. जिथलं काम तिथेच गाणं शिकवायचं आणि एकालाच न शिकवता अनेकांना शिकवायचं, असं ठरलं. देणाऱ्यांनी गाणं थांबवलं नाही आणि घेणाऱ्यांनी तोंड मिटलं नाही. पोरांनी गुणगुणलं तर आता कुणी धपाटा घालत नसे. चुकलं तर कान मात्र पिळत.

यालाही तयार न झालेले एक-दोघे होते. ते आपलं गाणं छातीशी धरून बसले आणि छातीशी धरूनच गेले. त्यांची गाणी कोणती होती, हे आज मला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

रायबा पुढेही बांधाच्या दिवशी खडकावर उभा राही. मात्र बाकीचं वर्ष आता त्याला कुणी विचारत नाही, असं राहिलं नाही. त्याच्या शेळ्यांमागे चार-पाच पोरं गात हिंडत आणि तो त्यांना थांबवून म्हणे, “चुकलास. हितं थांब.” मग एका वर्षी, थोरला निम्म्या चढावर असताना, रायबा खडकावर खाली बसला आणि परत उठला नाही. भिवराने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गाणं थांबलं नाही. दोर धरलेल्या प्रत्येकाच्या तोंडी ते होतं. ओळ झाली, दगड रेलला, सगळे थांबले, आणि सगळ्यांनी मिळून पुढची ओळ म्हटली. संध्याकाळी बांध पुरा झाला, तेव्हाच लोकांनी रायबाला उचललं.

बोध: गाणं दिल्याने देणाऱ्याचं कमी होत नाही, न दिलं तर मात्र ते त्याच्याबरोबरच जातं.